घरच्या काचपेटीतील मासे आजारी पडले तर

गाय आजारी पडली तर वैरण सोडते, कुत्रे कण्हते, मूल रडून सारे घर डोक्यावर घेते. माशाला आवाज नाही. तो कोपऱ्यात जाऊन बसतो, कल्ले भरभर हलवतो, आणि आपण म्हणतो, "आज जरा सुस्त दिसतोय." दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाण्यावर आडवा तरंगत असतो. मग घरातील धाकट्याला काय सांगायचे, हा प्रश्न उरतो. तो प्रश्न लहान नव्हे. पुष्कळ मुलांच्या आयुष्यात मरणाची पहिली भेट या काचपेटीतच होते.

काचेतले मासे पाहायचे तर एकेकाळी मुंबई गाठावी लागे. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हापासून मराठी मुलुखातल्या कितीतरी शाळांच्या सहली तिथल्या काचांना नाक लावून उभ्या राहिल्या. आज तशी काचपेटी जालन्यात दवाखान्यात दिसते, दुकानात दिसते, बैठकीच्या खोलीत दूरदर्शन संचाशेजारी दिसते. मासे येतात लांबून. मुंबईच्या कुर्ल्याच्या बाजारातून, कोलकात्याहून, चेन्नईहून, प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत बंद होऊन. इतका प्रवास करून आलेला जीव आपल्याकडे आठ दिवसांत का मरतो? विकणाऱ्याला दोष देऊन आपण मोकळे होतो. कधी तो दोष खराही असतो. पण बहुतेक वेळा उत्तर आपल्याच बादलीत असते.

माशाचे दुखणे ओळखण्यासाठी प्रथम एकच प्रश्न स्वतःला विचारा. किती मासे आजारी आहेत, आणि किती वेळात झाले? सगळेच्या सगळे मासे एका दिवसात, एका रात्रीत तोंड वर काढून धापा टाकू लागले, तर तो रोग नव्हे, पाण्यात काही बिघडले आहे. आधी एक मासा, मग तीन-चार दिवसांनी दुसरा, मग तिसरा, अशी ओळ लागली तर तो संसर्ग. आणि एकच मासा महिनाभर मलूल असून बाकीचे खुशाल बागडत असतील, तर ते त्याचे स्वतःचे, पोटाचे किंवा म्हातारपणाचे दुखणे. एवढे लक्षात ठेवले तरी निम्मे निदान झाले. पण लोक औषधाची बाटली आधी आणतात आणि प्रश्न नंतर विचारतात.

आता पाण्याकडे वळू. इथे थोडे रेंगाळावे लागेल, कारण आपल्या जिल्ह्याचे पाणी हा विषयच तसा आहे. जालना शहराला निजामाच्या काळातल्या घाणेवाडी तलावाचे पाणी ठाऊक आहे, जायकवाडीचेही ठाऊक आहे, आणि टँकरचे तर विचारूच नका. नळ रोज येत नाही. आला की हौद, पिंप, घागरी सारे भरून घ्यायचे. नळाचे पाणी निर्जंतुक करण्यासाठी त्यात क्लोरीन असते, टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर कधी हात सैल सोडूनही टाकलेली असते. माणसाला ते हितकारक. माशाचे कल्ले मात्र त्याने अक्षरशः भाजून निघतात. नळ आला म्हणून घाईने ताजे पाणी पेटीत ओतले आणि तासाभरात मासे वेडेवाकडे उसळू लागले, तर दुसरे कारण शोधत बसू नका.

यावर उपाय दोन. पाणी उघड्या तोंडाच्या भांड्यात एक-दोन दिवस ठेवा, क्लोरीन उडून जाईल. त्यात हवेचा पंप सोडला तर आणखी लवकर. तेवढा वेळ नसेल तर हायपो वापरा. जुन्या फोटोवाल्यांना हा पदार्थ चांगला माहीत होता; अंधाऱ्या खोलीत फोटो पक्का करायला ते हाच वापरीत. रसायनशास्त्रात त्याला सोडिअम थायोसल्फेट म्हणतात. शंभर लिटर नळाच्या पाण्याला एक ग्रॅम पुरतो, म्हणजे एका बादलीला तुरीच्या दाण्याएवढा खडा. टँकरच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर दुप्पट घ्या. दुकानातल्या क्लोरीन काढणाऱ्या महागड्या बाटल्यांतही बहुधा हाच माल विरघळवलेला असतो. आणि हो, पाणी साठवायला तांब्याचे भांडे नको. आपल्या घरात तांब्याच्या घागरीचे पाणी पवित्र आणि आरोग्यदायी मानतात. माशाला तांबे विषासारखे बाधते.

बोअरचे पाणी वापरणाऱ्यांची अडचण निराळी. आपल्या काळ्या पाषाणाखालचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. केटलीच्या बुडाला पांढरा थर बसतो तो याचाच. शिवाय जमिनीतून नुकत्याच वर आलेल्या पाण्यात प्राणवायू फार थोडा असतो. ते रात्रभर हवेने ढवळून मगच पेटीत घालावे. जड पाण्यात गप्पी, मोली, प्लाटी हे मासे मजेत राहतात. निऑन टेट्रा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या मऊ पाण्याचा. त्याला बोअरच्या पाण्यात ठेवून "हा मासाच नाजूक" म्हणणे न्यायाचे नाही. गप्पीची ओळख तर आपल्या खेडोपाडी आहेच. हिवताप विभागाची माणसे डासांच्या अळ्या खाण्यासाठी हौदांत, डबक्यांत सोडतात तोच हा मासा. ज्याला पहिल्यांदाच पेटी मांडायची आहे त्याने याच्यापासून सुरुवात करावी.

आता त्या विषाविषयी, जे बाहेरून येत नाही, घरातच तयार होते. मासा कल्ल्यांतून अमोनिया टाकतो. उरलेले अन्न कुजते त्यातूनही अमोनिया होतो. पेटीतील वाळूवर, खड्यांवर, गाळणीच्या स्पंजवर काही उपकारक जीवाणू वाढतात. ते अमोनियाचे आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. पहिले दोन्ही पदार्थ विषारी, तिसरा बराच सौम्य. ही जीवाणूंची वसाहत उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. नव्या पेटीत पहिल्याच दिवशी डझनभर मासे सोडले की दुसऱ्या आठवड्यात मरतात, ते यामुळे.

आणि नीटनेटक्या घरातले मासे तर यामुळे जास्त मरतात! अंबड रस्त्याला राहणारे एक शिक्षक माझ्या परिचयाचे आहेत. माणूस इतका टापटिपीचा की दर रविवारी सगळे मासे बादलीत काढून पेटी घासायची, खडे नळाखाली धुवायचे, स्पंज साबणाने पिळायचा. सोमवारी पेटी आरशासारखी लखलखे. बुधवार-गुरुवारी एखादा मासा जाई. दर खेपेला त्यांना वाटे, मासेच रोगट मिळाले. खरे म्हणजे दर रविवारी ते आपले जीवाणू गटारात सोडून देत होते. त्यांना एवढेच सांगितले, "गुरुजी, आता महिनाभर काही धुवू नका. आठवड्याला फक्त चौथा हिस्सा पाणी बदला, आणि स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळा." त्यांना ते पटायला जड गेले, पण मासे जगले.

जालन्यात अमोनिया आणखी घातक का, तेही सांगतो. पाण्याचा सामू सातच्या आसपास असला तर एकूण अमोनियापैकी शेकडा एक भागसुद्धा विषारी रूपात नसतो. सामू आठ झाला की तोच शेकडा पाचावर जातो, आणि पाणी तापले की आणखी वाढतो. आपले जड पाणी सामूने चढे, त्यावर एप्रिल-मेचा उन्हाळा. शिवाय तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंशाच्या पाण्यात लिटरला नऊ मिलिग्रॅम मावत असेल तर तीस अंशाला साडेसातच. आणि नेमकी दुपारी वीज जाते, पंप बंद पडतो! अशा वेळी तांब्याने (स्टीलच्या, बरं का) पेटीतले पाणी उचलून थोड्या उंचीवरून परत पेटीतच सोडत राहा. दहा-पंधरा मिनिटे हा खेळ मुलांना द्या, ती आनंदाने करतील. पेटीवर ओला पंचा टाकला आणि पंखा मारला तर पाणी एक-दोन अंशांनी उतरते. बर्फाचे मोठे खडे टाकू नका, एकदम थंडावा माशाला सोसत नाही.

सगळे मासे एकदम आजारी दिसले की मग करायचे काय? निम्मे पाणी, तितक्याच उष्णतेच्या आणि क्लोरीन काढलेल्या पाण्याने बदला. हवा वाढवा. दोन दिवस अन्न बंद. आठवून पाहा, आदल्या संध्याकाळी खोलीत डास मारायचा फवारा मारला होता का? त्यातली औषधे माशांना अतिशय विषारी असतात, आणि पेटीचा पंप खोलीतली हवाच पाण्यात ओढून घेतो. गल्लीत धुराची गाडी येणार असेल तर खिडकी लावा, पंप तेवढा वेळ बंद ठेवा आणि पेटी झाका.

खरे संसर्गजन्य रोग यानंतर येतात. त्यांतला सर्वांत ओळखीचा म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा. माशाच्या अंगावर, परांवर जणू बारीक मीठ भुरभुरले आहे असे दिसते. त्याआधी दोन दिवस मासा खड्यांवर अंग घासत असतो. तेव्हाच ओळखले तर फार बरे. हा एक सूक्ष्म परजीवी प्राणी आहे. फूके नावाच्या फ्रेंच माणसाने १८७६ साली त्याचे वर्णन केले, आणि त्याचे शास्त्रीय नाव उच्चारताना आजही जीभ अडखळते, म्हणून ते सोडून देऊ.

त्याचे जीवन मात्र नीट समजून घ्या, कारण उपचार त्यावरच बेतलेला आहे. ठिपका दिसतो तो प्राणी माशाच्या कातडीच्या आत शिरून पोसला जात असतो. तिथे त्याला कोणतेही औषध पोचत नाही. पंचवीस अंशाच्या पाण्यात चार-पाच दिवसांत तो पुष्ट होऊन गळून पडतो, तळाशी खड्यांना चिकटून स्वतःभोवती कवच करतो, आणि त्या कवचात एकाची शेकडो पिले होतात. कवचातही औषध शिरत नाही. मग ती पिले बाहेर पडून पोहत मासा शोधतात. एक-दोन दिवसांत मासा भेटला नाही तर ती मरतात. औषधाचा वार बसतो तो याच पोहणाऱ्या पिलांवर, इतर वेळी नाही. आता तुमच्या लक्षात आले असेल की ठिपके गळून मासा स्वच्छ दिसू लागला की लोक औषध थांबवतात, आणि आठवड्याने दसपट ठिपके येतात, ते कशाने. ठिपके जाणे ही बरे झाल्याची खूण नव्हे, शत्रू वीत असल्याची खूण आहे. उपचार दहा ते चौदा दिवस चालवलाच पाहिजे.

उपचार स्वस्त आहे. खडे मीठ. आधी पेटीत पाणी किती ते काढा. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करा आणि हजाराने भागा. दोन फुटी पेटी साठ, तीस, तीस असली तर चौपन्न लिटर. खडे आणि वरची मोकळी जागा वजा जाता पंचेचाळीस धरा. लिटरला दोन ग्रॅम या मानाने नव्वद ग्रॅम मीठ झाले. ते तीन भागांत, दीड दिवसात, दर वेळी मगभर पाण्यात विरघळवून घाला. खडे तसेच टाकलेत तर मासा ते तोंडात घेतो आणि होरपळतो. पाणी बदलले तर बदललेल्या पाण्यापुरतेच मीठ पुन्हा घाला, कारण पाणी वाफ होऊन जाते, मीठ जात नाही. पेटीत वनस्पती किंवा तळाशी फिरणारे बिनखवल्यांचे मासे असतील तर अर्ध्या प्रमाणाने सुरुवात करा, त्यांना मीठ मानवत नाही.

जोडीला उष्णता. पाणी हळूहळू, दिवसाला एक-दोन अंशांनी, तिशीपर्यंत नेले की हा परजीवी बहुधा वाढू शकत नाही. म्हणून आपल्याकडे हा रोग उन्हाळ्यात कमी आणि डिसेंबर-जानेवारीत जास्त. रात्री पारा दहा-बारापर्यंत उतरतो आणि दुपारी पुन्हा चढतो, त्या चढउतारात माशाची प्रतिकारशक्ती ढासळते. लिटरला एक वॅट या हिशेबाने पाणी तापवणारी नळी थंडीत लावून ठेवली तर पुष्कळ त्रास वाचेल. उष्णता वाढवताना हवाही वाढवायची, हे विसरू नका.

मिठाने भागले नाही तर दुकानात मॅलाकाइट ग्रीनची तयार औषधे मिळतात. बाटलीवरचे माप काटेकोर पाळा, गाळणीतला कोळसा काढून ठेवा, नाही तर तोच औषध शोषून घेतो, आणि हातमोजे घाला. खाण्याच्या माशांच्या तळ्यात हे औषध कधीही वापरायचे नाही.

पर झडणे, परांच्या कडा पांढऱ्या होऊन कुरतडल्यासारख्या दिसणे, हे जीवाणूंचे काम. पण दहात आठ वेळा मूळ कारण घाणेरडे पाणीच असते. पाणी सुधारा, लिटरला एक ग्रॅम मीठ घाला, आठवड्यात नवा स्वच्छ पर फुटू लागलेला दिसेल. जखमेवर कापसाचा पुंजका वाढल्यासारखा दिसला तर ती बुरशी. मासा वेगळ्या टबात काढून त्याला मेथिलीन ब्लू द्यावे. मुख्य पेटीत ते घालू नका, वनस्पती जातात आणि आपले उपकारक जीवाणूही. अंगाला काडीसारखा दोरा लोंबत असेल तर तो नांगरकृमी, चिमट्याने मुळापासून ओढून काढता येतो.

मग येतात ती कॅप्सूलवाली मंडळी. माणसाच्या टेट्रासायक्लीनची कॅप्सूल फोडून पेटीत टाकायची ही चाल गावोगाव आहे. जड पाण्यातले कॅल्शिअम या औषधाला धरून ठेवते आणि त्याचा जोर बराच मोडतो. म्हणजे आपल्या पाण्यात ते माशाला पुरेसे लागू पडत नाही, जीवाणूंना मात्र औषध पचवायला शिकवते. हळद टाकणारेही आहेत. हळदीने पाणी गढूळ होण्यापलीकडे काही झालेले मी पाहिले नाही.

पोटाच्या दुखण्याविषयी थोडक्यात. गोल अंगाचा सोनमासा उलटा तरंगू लागला की घरात हाय खातात, पण बहुधा ते अजीर्ण असते. तीन दिवस उपास घडवा, मग उकडून साल काढलेला मटारचा दाणा कुस्करून द्या. आपल्याकडे नदीत माशांना कणकेच्या गोळ्या टाकण्याचे पुण्य आहे. ते नदीपुरते ठेवा. पेटीत कणीक, पाव, पोहे नकोत. दोन मिनिटांत संपेल एवढेच अन्न, दिवसातून एकदा, आणि आठवड्याला एक एकादशी. माशाला ती आपल्यापेक्षा चांगली साधते, कारण त्याच्या उपासात साबुदाणा नसतो.

मासा फुगला आहे आणि खवले देवदाराच्या फळासारखे उभे राहिले आहेत, असे दिसले तर मात्र आशा थोडी. ते जलोदर; आत मूत्रपिंड काम सोडत असते. मासा वेगळा काढून वीस लिटरला एक चमचा एप्सम मीठ घालून पाहावे. कुणी वाचतात, बहुतेक वाचत नाहीत. असा मासा तडफडत असेल तर त्याला गटारात किंवा शौचकूपात जिवंत सोडू नका, ते क्रौर्य आहे. लिटरभर पेटीच्या पाण्याला दहा थेंब लवंगेचे तेल, आधी लहान बाटलीत कोमट पाण्याबरोबर खूप हलवून मग त्यात मिसळायचे. मासा त्यात झोपी जातो. कल्ले थांबल्यावरही अर्धा तास तसाच राहू द्यावा. हे काम मुलासमोर करायचे की नाही, ते ज्याचे त्याने ठरवावे. मला विचाराल तर मूल विचारत असेल तर त्याला खरे सांगावे.

पाण्याचा एक हिशेब राहिला. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्याने काय सोसले ते ज्याला आठवते, त्याचा हात माशांसाठी पाणी ओतताना अडखळतोच. अडखळावा. पण पंचेचाळीस लिटरच्या पेटीला आठवड्याला लागते ती एक लहान बादली, आणि काढलेले पाणी वाया जात नाही. त्यातले नायट्रेट म्हणजे खतच. तुळशीला, मोगऱ्याला, परसातल्या कढीलिंबाला घाला. मीठ किंवा औषध घातलेले पाणी मात्र झाडांना नको. शेजारच्या गल्लीत हंड्यांची रांग लागलेली असताना चार फुटी पेटी मांडावी की नाही, हा प्रश्न मात्र मत्स्यशास्त्राच्या बाहेरचा आहे.

नवा मासा आणला की पिशवी बंद ठेवूनच वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी, आणि जमल्यास तो मासा दोन-तीन आठवडे निराळ्या टबात ठेवूनच पेटीत घ्यावा. दोन पेट्यांना एक जाळी वापरू नये. हाताला जखम असेल तर पेटीत हात घालू नये, नळीने पाणी काढताना तोंडाने ओढू नये. माशांच्या क्षयाचे जंतू माणसाच्या कातडीत शिरून महिनोन् महिने न भरणारी गाठ करतात. अशी गाठ दिसली तर डॉक्टरांना घरी मासे आहेत हे आवर्जून सांगा. माशांच्याच रोगाबद्दल विचारायचे असेल तर मराठवाड्यात उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, मुंबईस १९६१ पासून केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे.

आणि कंटाळा आला म्हणून, किंवा मासा आजारी आहे, मोकळ्या पाण्यात बरा होईल म्हणून, त्याला घाणेवाडीत, मोती तलावात किंवा कुंडलिकेत सोडू नका. काच साफ करतो म्हणून विकतात तो सकर मासा असाच कुणाकुणाच्या पेटीतून निघून उजनीच्या जलाशयात पसरला, आणि आज तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यात खाण्याच्या माशांऐवजी तो येतो. आपल्या तलावांवर जाळे टाकून पोट भरणारी भोई कुटुंबे आहेत. पेटी मोडायचीच असेल तर मासे ओळखीच्या कुणाला द्या किंवा दुकानदाराला परत करा. मेलेला मासा झाडाखाली हातभर खोल पुरा, म्हणजे मांजर उकरणार नाही.